दुराव्याची मुदत

विवाह जुळताना आपल्याकडे मध्यस्थ असतात, पुरोहित असतात, साक्षीदार असतात, आणि तोच विवाह मोडावयाचा झाला तरी कौटुंबिक न्यायालय, अर्ज, जबान्या व तारखा यांची एक निश्चित वाट कायद्याने आखून ठेवलेली असते. परस्परसंमतीने विभक्त होऊ इच्छिणाऱ्या पतिपत्नींना तर हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली घातलेल्या कलम १३-ब अन्वये सहा महिन्यांची मुदत फेरविचारासाठी मिळते; ती माफ करण्याचा अधिकार न्यायालयास आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले असले, तरी माणसाचे मन एका दिवसात एक नाते उतरवून दुसरे अंगावर चढवू शकत नाही, ही त्या मुदतीमागची जाणीव त्यामुळे खोटी ठरत नाही. घरात मृत्यू झाला तर शेजारून पिठलं-भात येतो, दहा दिवस कोणी त्या घराकडून कसल्याही कर्तव्याची अपेक्षा करीत नाही, आणि तेरावा झाल्यावरही काही काळ लोक जपूनच बोलतात. परंतु वीस-बावीस वर्षांच्या दोन मुलांचे तीन वर्षांचे प्रेम एखाद्या सायंकाळी चहाच्या टपरीवर संपते तेव्हा त्यांना असली कोणतीही सवलत नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनाही त्याच वर्गात, त्याच अभ्यासिकेत किंवा कार्यालयाच्या त्याच मजल्यावर हजर राहावे लागते, आणि बहुधा त्याच रात्री एकाच्या मोबाइलवर दुसऱ्याचा संदेश येऊन पडलेला असतो: 'आपण चांगले मित्र म्हणून राहू.'

हा संदेश पाठविणारी मुले दुष्ट नसतात. कटुता टाळावी या सद्भावनेनेच ती तो पाठवितात, आणि तरीसुद्धा त्या क्षणी मागितलेली मैत्री ही जवळजवळ नेहमीच एका पक्षावर अन्याय करणारी असते, असे माझे स्पष्ट मत आहे. संबंध तोडण्याचा निर्णय ज्याने घेतला त्याच्या मनावर अपराधाचे ओझे असते, आणि समोरच्याने मैत्री मान्य केली की आपल्या हातून फार मोठा आघात घडला नाही असा दाखला त्याला मिळतो. ज्याच्यावर तो निर्णय लादला गेला त्याच्या मनात आशा तग धरून असते, आणि मैत्रीच्या मिषाने रोजचे बोलणे चालू राहिले तर आज ना उद्या पॅच-अप होईल, असा हिशेब तो स्वतःच्याही नकळत मांडीत असतो. एक जण सुटकेसाठी मैत्री मागतो आणि दुसरा परतीच्या आशेने ती देतो. अशा देवघेवीत मैत्रीला आवश्यक असा निरपेक्षपणा कोठून येणार? काही आठवड्यांतच तिचा शेवट पहिल्याहून अधिक कडवट अशा दुसऱ्या ताटातुटीत होतो. प्रेम संपल्यानंतर काही काळ परस्परांपासून दूर राहण्याची मोकळीक दोघांनाही असली पाहिजे, ती मागणाऱ्याला कोणी कठोर म्हणता कामा नये, आणि मैत्रीचा विचार व्हावयाचा तर तो त्या मुदतीनंतर, तोही दोघांना मनापासून वाटला तरच व्हावा, एवढेच माझे म्हणणे आहे. परंतु एवढे साधे म्हणणे अमलात आणणे आजच्या तरुणांना किती दुष्कर झाले आहे, हे त्यांच्या दैनंदिन आयुष्याकडे जवळून पाहिल्याखेरीज कळणार नाही.

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रस्ता या परिसरात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांच्या अभ्यासिका ठिकठिकाणी आहेत. बीड, लातूर, धाराशिव, नांदेड, यवतमाळ अशा जिल्ह्यांतून आलेली मुले-मुली तेथे महिन्याचे शुल्क भरून प्लायवुडच्या फळ्यांनी विभागलेली एकेक जागा राखून ठेवतात, आणि भिंतीवर चिकटविलेल्या वेळापत्रकाखाली, एका टेबलाच्या रुंदीत, तारुण्याची उमेदीची वर्षे वेचतात. घर दूर आहे, यशाची शाश्वती नाही, आणि गावाकडून दर महिन्याला येणाऱ्या पैशांची टोचणी मनाला अहोरात्र लागलेली आहे, अशा अवस्थेत नोट्सची देवघेव करता करता आणि रात्री उशिराच्या चहाला सोबत जाता जाता दोघे जण एकमेकांचा आधार होऊन बसतात, यात नवल काही नाही. आणि पूर्वपरीक्षेचा निकाल एकाला तारून दुसऱ्याला मागे ठेवतो तेव्हा, किंवा 'घरी कळलंय' एवढ्याच शब्दांचा फोन गावाहून येतो तेव्हा, तो आधार तुटतो, यातही नवल नाही. कठीण गोष्ट ही की आधार तुटल्यावरही जागा तीच राहते, मेस तीच, टपरी तीच, आणि चौघा-पाचजणांचा ग्रुपही तोच. अनामत रक्कम अडकलेली असते, परीक्षा तोंडावर आलेली असते, आणि नव्या पेठेत नवी खोली शोधण्याइतके पैसे दोघांपैकी कोणाजवळच नसतात.

माझ्या परिचयातील एका मुलीने अशा वेळी खिडकीजवळची आपली जागा सोडून दाराशी, चपलांच्या रॅकलगत, उजेड कमी येतो अशी जागा मागून घेतली. मुलगा स्वभावाने भला होता. तो रोज दुपारी चारच्या सुमारास कागदी कपातून चहा आणून तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवी, एक शब्दही न बोलता आपल्या जागेवर परत जाई, आणि मित्रांना सांगे की आता आमच्यात तसे काही उरलेले नाही, हे मी केवळ मैत्रीखातर करतो. ती तो चहा पीत नसे. चहा निवे, त्यावर साय धरे, आणि सायंकाळी तिलाच तो कप उचलून बेसिनमध्ये ओतावा लागे. चार वाजत आले की तिचे लक्ष पुस्तकावरून उडून दाराकडे लागे, आणि कप ठेवून तो निघून गेल्यावर पुढचा तासभर डोळ्यांसमोरची ओळ डोक्यात शिरत नसे. मैत्रिणी तिलाच समजावीत, 'अगं, एवढं चांगलं वागतोय तो, तूच का अशी करतेस?' अखेर त्याच अभ्यासिकेतील, मुख्य परीक्षा दोनदा देऊन बसलेल्या एका वडीलधाऱ्या विद्यार्थ्याने मुलाला बाहेर नेऊन विचारले, 'तू चहा तिच्यासाठी ठेवतोस की तुझ्यासाठी?' मुलगा रागावला, काही दिवस त्या विद्यार्थ्याशीही बोलला नाही, पण चहा बंद झाला.

त्या प्रश्नाचे मोल मला फार वाटते. पूर्वी सावकाराचा माणूस ऋणकोच्या दारात धरणे धरून बसे, तो शिवीगाळ करीत नसे, हात उगारीत नसे, नुसता बसून राही, आणि त्याच्या त्या बसण्यानेच घरातल्यांना घास गिळवत नसे. न मागितलेल्या मायेचाही असाच मूक तगादा होऊ शकतो, आणि तो करणाऱ्याला आपण तगादा लावीत आहोत याची जाणीव नसते. प्रेमात असताना जे वर्तन कोमल होते तेच वर्तन, समोरच्याची संमती मागे घेतली गेल्यावर, ओझे होते. वर्तनात काही बदललेले नसते; बदललेला असतो तो ते करण्याचा अधिकार.

येथे एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. 'मित्र म्हणून राहू' असे कित्येक मुली अपराधी भावनेने म्हणत नाहीत, भयाने म्हणतात. २७ जून २०२३ रोजी सकाळी याच सदाशिव पेठेत एक तरुण, आपल्यापासून दूर राहण्याचा एका विद्यार्थिनीचा निर्णय सहन न होऊन, कोयता घेऊन भर रस्त्यात तिच्यामागे धावला, आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या तरुणांनी जिवावर उदार होऊन त्याला अडविले म्हणून ती वाचली. फेब्रुवारी २०२० मध्ये अशाच हल्ल्याला बळी पडलेल्या हिंगणघाटच्या तरुण प्राध्यापिकेचे प्राण मात्र वाचू शकले नाहीत. ज्या मुलीने या बातम्या वाचल्या आहेत, आणि कोणत्या मुलीने त्या वाचलेल्या नाहीत, ती 'यापुढे मला तुझ्याशी काहीही संबंध ठेवायचा नाही' असे स्पष्ट सांगण्यास कचरते आणि मैत्रीचा आडपडदा घेऊन हळूहळू पाय मागे घेऊ पाहते; तेव्हा तिच्यावर दुटप्पीपणाचा आरोप करणाऱ्यांनी तिला स्पष्ट बोलण्याइतकी निर्भयता आपण दिली होती काय, हे आधी स्वतःला विचारले पाहिजे. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ साली पाठलाग हा आपल्या कायद्यात स्वतंत्र अपराध ठरला, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्येही तो कायम आहे: स्त्रीने आपली अनिच्छा स्पष्ट दर्शविल्यावरही पुरुषाने वारंवार संपर्क साधणे किंवा तिच्या इंटरनेटवरील व्यवहारावर पाळत ठेवणे यासाठी पहिल्या खेपेस तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. सामान्य, सुस्वभावी मुलाला या कलमाची धास्ती वाटण्याचे कारण नाही. परंतु आपण मध्यरात्री पाठविलेला दहावा संदेश उघडताना ती मुलगी कोणती भीती मनात घेऊन तो उघडीत असेल, याची कल्पना मात्र त्या सुस्वभावी मुलालाही असावयास हवी.

हा मुलगा दूर का होऊ शकत नाही, याचाही सहानुभूतीने विचार केला पाहिजे. नाहीतर त्याला दोष देऊन आपण मोकळे होऊ आणि प्रश्न तसाच राहील. आपल्याकडील पुष्कळ मुलांनी आपल्या मनातले आयुष्यात एकाच व्यक्तीला सांगितलेले असते, आणि ती व्यक्ती म्हणजे त्यांची प्रेयसी. वडिलांशी परीक्षेपलीकडे बोलणे नाही, आईला काळजी नको म्हणून सांगणे नाही, आणि मित्रांशी क्रिकेट, राजकारण, जाहिरात निघालेल्या जागा यांवर रात्र रात्र गप्पा होत असल्या तरी 'मला रडू येतंय' एवढे तीन शब्द उच्चारण्याची त्या मैफलीत सोय नाही. मुलींना निदान एखादी रूममेट असते, जी कुशीत घेते, डबा आणून समोर ठेवते आणि चार घास खाल्ल्याशिवाय उठू देत नाही. मुलाला मिळते ती दारूची बाटली, आणि 'सोड रे, दुसरी मिळेल' हे सांत्वन. म्हणून प्रेयसी गेली की त्याची प्रियाच तेवढी जात नाही, त्याचा एकमेव श्रोताही जातो. आणि तो जी मैत्री तिच्याकडे इतक्या आर्ततेने मागत असतो ती वस्तुतः त्याला त्याच्या मित्रांकडून मिळावयास हवी असते. ज्या तरुणांच्या हाती हे वर्तमानपत्र पडेल त्यांना माझी विनंती आहे की आपल्या खोलीतला मुलगा चार दिवस मेसला आला नसेल, तर त्याला बाटली दाखवू नका, त्याच्या कॉटवर बसा आणि तो जे बोलेल ते मध्येच न तोडता ऐका. आणि ते बोलणे जगण्याच्या कंटाळ्यापर्यंत पोहोचले, तर केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्याच्यासमोर स्वतः फिरवा. ती सेवा निःशुल्क आहे, रात्री-अपरात्रीही उपलब्ध आहे, आणि तेथे मराठीत बोलता येते.

ग्रुपचे कर्तव्य याहून अधिक नाजूक आहे. दोघांचे मित्र एकच असले की त्यांच्यावर तीन कामे आपोआप येऊन पडतात: निरोप पोहोचविणे, बातमी काढणे आणि निवाडा देणे, आणि ही तिन्ही कामे नाकारणे हीच खरी मित्रधर्माची कसोटी होय. 'ती काल कोणासोबत दिसली', 'त्याने स्टेटसला काय ठेवलंय', ही माहिती पुरविणारा मित्र आपण आपुलकी दाखवीत आहोत असे समजतो, पण प्रत्यक्षात तो जखमेवरची खपली रोज काढीत असतो. निवाड्याचे तर विचारूच नये. दोघांच्या कैफियती ऐकून एकाला अपराधी ठरविल्याखेरीज पुष्कळ ग्रुपना चैन पडत नाही, आणि ज्याच्या विरुद्ध निकाल लागतो त्याला सहलीचा, वाढदिवसाचा, गणपतीतल्या ढोल-पथकाच्या सरावाचा निरोपच येईनासा होतो. प्रेम गमावलेल्याने त्याच आठवड्यात मित्रही गमवावेत, ही शिक्षा कोणत्या गुन्ह्यासाठी? दोघांनाही वेगवेगळे भेटत राहणे, एकासमोर दुसऱ्याचा विषय न काढणे, आणि एकत्र कार्यक्रमाला दोघांनाही बोलावून कोण येणार हे आधी प्रामाणिकपणे सांगणे, एवढा संयम चार मित्रांनी दाखविला तर अर्धे दुःख हलके होते.

काही वेळा मात्र दूर जाणे शक्यच नसते, आणि अशा प्रसंगी मैत्रीखेरीज दुसरे काही असू शकते हे मला नाट्यस्पर्धांच्या तालमी पाहून उमगले. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुण्यात पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरविते. पावसाळ्यात महाविद्यालयांच्या एखाद्या बंद वर्गात बाके भिंतीला सरकवून रात्रीपर्यंत तालमी चालतात, आणि त्या दीर्घ सहवासात कित्येक प्रेमे उमलतात व कित्येक कोमेजतातही. प्राथमिक फेरी जवळ आली असताना ज्यांचे प्रेम मोडले अशी एक जोडी मी तालमीत पाहिली आहे. रंगमंचावर ती दोघे बहीण-भाऊ होती, तिला त्याच्या खांद्यावर हात ठेवून एक वाक्य म्हणावयाचे होते, आणि त्या जागेपाशी आले की तिचा हात अर्ध्यावर थांबे. दिग्दर्शक मुलगी, जी त्यांच्याहून जेमतेम एका वर्षाने मोठी होती, तिने ना कारण विचारले, ना उपदेश केला. तिने तो हात संहितेतूनच काढून टाकला, दोघांमध्ये एक खुर्ची आणून ठेवली, आणि तेच वाक्य खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणावयास सांगितले. तालीम संपली की ती दोघे दोन वेगळ्या दारांनी बाहेर पडत, आणि तालमीत मात्र वेळेवर येत, एकमेकांचे संवाद सांभाळून घेत. यास मैत्री म्हणता येणार नाही. हे सहकार्य आहे, आणि त्याच्या मुळाशी साधे सौजन्य आहे. संबंध तुटल्यानंतर पहिल्या दिवसापासून एकमेकांकडे मागता येईल अशी गोष्ट एवढीच: चारचौघांत अपमान करू नये, कामात अडवणूक करू नये, आणि एकेकाळी विश्वासाने ऐकलेले तिसऱ्याच्या कानी घालू नये.

पूर्वीच्या पिढ्यांना या बाबतीत एका गोष्टीचे साहाय्य होते, ते म्हणजे टपालाचे. कवी अनिल आणि कुसुमावती यांचा फर्ग्युसन महाविद्यालयात जडलेला स्नेह पत्रांतून वाढला, १९२९ साली ती दोघे विवाहबद्ध झाली, आणि ती पत्रे पुढे 'कुसुमानिल' या नावाने ग्रंथरूप झाली. पण ज्यांची प्रेमे विवाहापर्यंत पोहोचली नाहीत त्यांच्या पत्रांचे काय होई? ती बहुधा दोऱ्याने बांधून परत केली जात, किंवा न्हाणीघरातल्या बंबात घातली जात. पत्रे परत करण्याच्या त्या रीतीत एक मोठी सभ्यता होती: तुझ्याविरुद्ध माझ्यापाशी यापुढे काही पुरावा नाही, तुझे शब्द तुझे तुला परत, असे ती न बोलता सांगे. आज मोबाइलमध्ये वर्षानुवर्षांचे संभाषण, शेकडो छायाचित्रे, एकमेकांचे पासवर्ड आणि एकमेकांचे लोकेशनही असते, आणि ते परत करण्याची कोणतीही रीत पडलेली नाही. व्हॉट्सॲपने २०१४ च्या नोव्हेंबरात निळ्या खुणा आणल्या तेव्हापासून तर आपला संदेश वाचूनही उत्तर आलेले नाही हे कळण्याची यातना प्रत्येकाच्या तळहातावर येऊन बसली आहे. मिशिगन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस व त्यांचे सहकारी यांनी २०११ साली, ज्यांचे प्रेमसंबंध त्यांच्या इच्छेविरुद्ध नुकतेच तुटले होते अशा चाळीस व्यक्तींना त्या पूर्वप्रियकराचे किंवा प्रेयसीचे छायाचित्र दाखविले, आणि हाताला चटका बसताना मेंदूचे जे भाग उद्दीपित होतात त्यांपैकी काही भाग तेव्हाही उद्दीपित झाल्याचे त्यांना आढळले. रात्री दोन वाजता एक्सची स्टोरी पाहणाऱ्या मुलाला 'मन घट्ट कर' असे सांगणे म्हणून व्यर्थ आहे. त्याने तो फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, हे सांगणे अधिक उपयोगाचे.

याच कारणाने ब्लॉक करणे हा अपमान आहे ही समजूत मला चुकीची वाटते. ते दार लावून घेणे आहे, आणि आपल्या घराचे दार लावण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पासवर्ड बदलावेत, लोकेशन बंद करावे, आणि खासगी छायाचित्रे असतील तर ती दोघांनी नष्ट करून एकमेकांना तसे कळवावे. छायाचित्र काढताना तिची संमती होती, ही सबब ते पसरविणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये उपलब्ध नाही, हे मुलांना महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षी शिकविले गेले पाहिजे.

आता वडीलधाऱ्यांविषयी. १९३३ साली विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले आणि शिकलेल्या, कमावत्या मुलीलाही प्रेमाची आस असते एवढ्याच सत्याने तत्कालीन महाराष्ट्रात केवढे वादळ उठले. तेव्हापासून मुलामुलींनी प्रेम करावे की नाही यावर आपण पुष्कळ वाद घातले, पण ज्यांचे प्रेम मोडले त्यांना घरात कसे वागवावे यावर मात्र फारसे बोललो नाही. कित्येक ब्रेकअप मुळात त्या दोघांचे नसतातच. जात आडवी येते, पत्रिका आडवी येते, कधी मुलाची नोकरी कायम नसते, आणि आईने दोन दिवस जेवण सोडले की बाविशीची मुलगी 'घरचे तयार नाहीत' असा संदेश पाठवून तीन वर्षांवर पडदा टाकते. त्यानंतर महिन्याभरात तिच्यापुढे स्थळांची माहिती ठेवणाऱ्या, आणि ती हसत का नाही याची तक्रार करणाऱ्या आईबापांना मला कळकळीने सांगावेसे वाटते, की तिने तुमचे ऐकले आहे, तुमच्यासाठी आपले सुख सोडले आहे. आता निदान तिला दुःख करू द्या. ज्या घरात प्रेमाला विरोध नव्हता तेथेही 'बरं झालं, अभ्यास तरी करशील' यासारखी वाक्ये सहज निघून जातात, आणि ती मुलांच्या मनात वर्षानुवर्षे राहतात. मुलाने न विचारता काही सांगितले तर ऐकावे, न सांगितले तर खोदून विचारू नये, आणि त्या मुलाला किंवा मुलीला, जी काल-परवापर्यंत आपल्या घरी येऊन पोहे खाऊन जात होती, तिला वाईट ठरवू नये. कारण उद्या आपलेच मूल तिच्याबद्दल चांगले बोलू इच्छील आणि आपल्या शब्दांमुळे त्याला ते बोलता येणार नाही.

मुदत किती असावी, असे कोणी विचारील. तिचा आकडा सांगता येत नाही. पण तिची खूण सांगता येते. दुसऱ्याला नवे कोणी भेटले आहे हे ऐकल्यावर मनात जे उठते, ते एका रात्रीत शमत असेल, तर मैत्रीचा विचार करण्याइतकी माणसे मोकळी झाली. आणि तो विचार करून नको असे ठरविण्याचाही त्यांना तितकाच अधिकार आहे. अशी मैत्री पुढे जेव्हा खरोखर जुळते तेव्हा ती फार मोलाची असते, कारण एकमेकांचे कमीपण पाहून झालेले असते आणि एकमेकांवर छाप पाडण्याची गरज उरलेली नसते. अभ्यासिकेतला तो मुलगा पुढे गावी परतला आणि तेथील शाळेत शिकवू लागला. दीड-दोन वर्षांनी मुलीच्या वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा त्याने तिला विचारून, तिचा होकार आल्यावरच, सोलापूरच्या रुग्णालयातील आपल्या चुलतभावाशी तिची गाठ घालून दिली. त्यानंतर ती दोघे कधीमधी फोनवर बोलतात.

ज्यांनी मुदत पाळली नाही त्यांच्या नव्या प्रेमाविषयी मात्र मला चिंता वाटते. एकटेपणाने कासावीस होऊन महिन्या-दोन महिन्यांत ज्याच्या आधारे उभे राहावयाचे तो तिसरा माणूसही माणूसच असतो, आणि त्याला आपण कोणाच्या रिकाम्या जागेवर बसविले जात आहोत हे कळण्याचा हक्क आहे. पूर्वीच्या संबंधाची सारी हकीकत त्याला सांगण्याचे बंधन नाही. ती दुसऱ्या एका व्यक्तीचीही हकीकत असते आणि तिची अब्रू त्यात गुंतलेली असते. परंतु असा संबंध होता, तो केव्हा संपला, आणि त्या व्यक्तीशी आज बोलणे आहे किंवा नाही, या तीन गोष्टी नव्या माणसाला दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी आपल्या तोंडून कळल्या पाहिजेत. आणि त्याने 'ती मैत्री तोड' असा हुकूम सोडला, तर तो बिनतक्रार पाळण्यापूर्वी, ज्याला आपल्या जुन्या स्नेहाचा इतका धाक वाटतो त्याच्याबरोबर पुढे किती दूर जावयाचे, याचाही विचार त्या मुलाने किंवा मुलीने एकट्याने, शांतपणे, कोणालाही उत्तर देण्याची घाई न करता करावा.